घोरपडीचं कातडं, कार्बनचा बाण आणि तुमचे आजोबा

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. नवशिक्या धनुर्शिकाऱ्यांसाठी मी केलेल्या यादीवर तुमचं म्हणणं असं: हातमोजे, आर्मगार्ड (धनुष्य धरलेल्या हाताला दोरी लागू नये म्हणून बांधायची पट्टी), बाण वाकवून बघणं हे सगळं अमेरिकन दुकानदारांचं खूळ. जव्हारकडे तुमचे आजोबा उघड्या हातांनी तिरकमठा चालवायचे, कधी ओरखडा आला नाही. आणि मुळात शिकारीवर मराठीत लिहायचंच कशाला?

शेवटचं आधी घेतो. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. मी लिहितो ते इथे विस्कॉन्सिनमध्ये, रीतसर परवाना काढून सप्टेंबरपासून हरणामागे जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी.

बोटं झाकायचं खूळ अमेरिकेचं म्हणाल तर तसं नाही. वाल्मीकी रामायणात विश्वामित्रांबरोबर निघालेल्या राम-लक्ष्मणांना ‘बद्धगोधाङ्गुलित्राणौ’ म्हटलंय. गोधा म्हणजे घोरपड. तिच्या कातड्याची त्राणं बोटांना बांधलेली. (आज घोरपडीला हात लावलात तर वेगळाच वनवास.)

आजोबांचं मात्र मी खोटं मानत नाही. बांबूला तडा गेला की तो डोळ्यांना दिसतो, नखाला लागतो. आजचा कार्बनचा बाण दगा देतो. मागच्या वर्षी सरावात माझा एक बाण लक्ष्यात रुतलेल्या दुसऱ्या बाणाला घासून गेला. उपटून पाहिला तर चकचकीत. तरी सवयीने दोन्ही टोकं धरली, कानाजवळ नेऊन हलकासा वाकवला, जरा फिरवला, परत वाकवला. तिसऱ्या वेळी दाताखाली कुरमुरा यावा तसा आवाज आला. कापसाचा बोळा फिरवला, तर नॉकपासून, म्हणजे दोरी अडकवायच्या मागच्या खाचेपासून, चार बोटांवर कापूस अडकला. तेवढ्यावर तो बाण मोडून टाकला.

तो तसाच लावला असता तर माझ्या 55 पौंड ओढीच्या कंपाउंडचा, म्हणजे कप्प्यांच्या धनुष्याचा, सगळा दणका त्या तड्यावर बसला असता. असा बाण फुटतो तो दोरी सुटताना, म्हणजे धनुष्य धरलेल्या हाताच्या अगदी वर. सुईसारख्या काड्या अंगठ्याखालच्या मांसात घुसतात, आणि त्या एकेक करून काढायच्या म्हणजे डॉक्टरचाही घाम निघतो. तिथे पातळ मोजा काय करणार? म्हणून माझ्या यादीत बाण पहिला आहे आणि मोजे चौथे. तुम्ही बहुतेक चौथ्यापासून वाचायला सुरुवात केलीत.

आर्मगार्डवरचा तुमचा टोला निम्मा मान्य. कोपर जरा बाहेर वळवून उभं राहिलं तर दोरी हाताला लागतच नाही, आणि नवख्याला आधी तेच शिकवायला हवं. मी ते लिहिलं नव्हतं. पण नोव्हेंबरात इथे माणूस गोधडीएवढं जाकीट घालून झाडावर बसतो. दोरी त्या फुगलेल्या बाहीला घासते आणि बाण भलतीकडे जातो. आर्मगार्ड तेव्हा बाही दाबून धरायला लागतो.

तुमच्याशी मनातल्या मनात भांडताना यादीत राहिलेली एक गोष्ट आठवली. आमच्यातल्या एका उंच मुलाने बुटक्या मित्राचे बाण उसने आणले, पुढे ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं धारदार पातं, लावलेले. अंगणात त्याने दोरी ओढली आणि ती वस्तऱ्यासारखी पाती मागे सरकत धनुष्य धरलेल्या हाताच्या तर्जनीपर्यंत आली. मी ओरडलो नाही, दचकला असता तर दोरी सुटली असती. हळूच म्हटलं, “बोट खाली घे, आणि दोरी सावकाश परत सोड.” पूर्ण ओढल्यावरही बाणाचं टोक धनुष्याच्या इंचभर पुढे राहिलं पाहिजे, हे आज यादीत पहिल्या क्रमांकावर, बाणाचा तडा बघण्याच्याही आधी, टाकलंय.

आता तुम्हीच सांगा, आजोबांचे बाण केवढे लांब असायचे? आणि दोरी ते अंगठ्याने ओढायचे की दोन बोटांनी? मला खरंच जाणून घ्यायचंय.