व्हॅनिए कपच्या आकड्यांवरून कॉन्फरन्सची ताकद ठरत नाही

कॅनडातल्या विद्यापीठ फुटबॉलबद्दल एक दावा वर्षानुवर्षं हातोहात फिरतो आहे. नोव्हेंबरात व्हॅनिए कपची, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाची, अंतिम लढत जवळ आली की तो हमखास डोकं वर काढतो. दावा असा : देशातल्या चार कॉन्फरन्सपैकी, म्हणजे संघांच्या प्रादेशिक गटांपैकी, क्युबेकची सर्वांत बलाढ्य, बाकीच्या तिच्या पासंगालाही पुरत नाहीत. पश्चिमेचे संघ मोठ्या सामन्यात कच खातात, ऑन्टारियो म्हणजे खोगीरभरती, आणि अटलांटिकच्या विजेत्याला थेट उपान्त्य फेरीत बसवणं ही राष्ट्रीय स्पर्धेची थट्टा. पुराव्यादाखल एकच आकडा दिला जातो : २००३ ते २०२४ या काळात झालेल्या २१ अंतिम सामन्यांपैकी १३ क्युबेकच्या संघांनी जिंकले.

आकडा बरोबर आहे. २०२० मध्ये कोविडमुळे स्पर्धा झाली नाही, उरलेल्या २१ पैकी १३ क्युबेकच्या, ५ ऑन्टारियोच्या, ३ पश्चिमेच्या आणि अटलांटिकची एकही नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला साफ अमान्य आहे, आणि प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यावं इतका हा खेळ मला जवळचा आहे.

ज्यांना ही रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा सॉकर नव्हे, आणि मिळताजुळता असला तरी अमेरिकेतला फुटबॉलही नव्हे. मैदान ११० यार्डांचं, एका बाजूला १२ खेळाडू आणि दहा यार्ड पुढे सरकायला तीनच प्रयत्न. देशभरात २७ विद्यापीठांचे संघ आहेत : ऑन्टारियोत ११, पश्चिमेच्या कॅनडा वेस्टमध्ये ६, क्युबेक आणि अटलांटिकमध्ये प्रत्येकी ५. नियमित मोसमातले सामने आपापल्या कॉन्फरन्सच्या आतच होतात. चार विजेते उपान्त्य फेरीत, म्हणजे मिचेल बोल आणि युटेक बोलमध्ये, भेटतात आणि तिथून दोघे अंतिम सामन्यात जातात. कोणाची गाठ कोणाशी हे ठरलेल्या पाळीने ठरतं, ताकदीच्या क्रमाने नाही.

म्हणजे वर्षभरात एका कॉन्फरन्सचा दुसरीशी खरा मुकाबला होतो तो फक्त तीन सामन्यांत, तोही केवळ विजेत्यांमध्ये. दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या क्रमांकाच्या संघांची दुसऱ्या कॉन्फरन्समधल्या संघांशी तुलना करायला काही साधनच नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात शिजलेली असतात. लावाल आणि मॅकगिल हे क्युबेकचेच दोन विद्यापीठ संघ, पण एकाच पातेल्यात शिजलेले नाहीत.

आता पहिला मुद्दा : १३ विजय म्हणजे क्युबेकची कॉन्फरन्स बलाढ्य. हे १३ विजय कोणाचे ते पाहा. ११ लावालचे, २ माँट्रियल विद्यापीठाचे. कॉन्कॉर्डिया, मॅकगिल आणि शेरब्रुक यांचा एकही नाही. इतकंच नाही, २००३ पासून २०२४ पर्यंत क्युबेकचा स्वतःचा डन्समोर कपसुद्धा या दोघांबाहेर कोणाकडे गेलेला नाही. पाचांपैकी तीन संघांना वीस वर्षांहून जास्त काळ आपल्याच प्रांताचं विजेतेपद मिळू नये, याला कॉन्फरन्सची ताकद म्हणायचं? देशातले दोन अव्वल संघ क्युबेकात आहेत, हे मी आनंदाने मान्य करतो. ग्लेन कॉन्स्टंटिन २००१ पासून लावालचे मुख्य प्रशिक्षक आहेत आणि १९९९ ची पहिली ट्रॉफी धरून लावालच्या नावावर २०२४ अखेर १२ व्हॅनिए कप आहेत. या खेळात असा दुसरा संघ नाही. पण ते कौतुक लावालचं आहे, ते शेरब्रुकच्या खात्यावर जमा करता येत नाही.

याउलट कॅनडा वेस्टचा हार्डी कप बघा. २०१४ ते २०२४ या काळात तो मॅनिटोबा, ब्रिटिश कोलंबिया, कॅल्गरी, सस्कॅचवान आणि रेजायना या पाच वेगवेगळ्या विद्यापीठांनी जिंकला. सहापैकी पाच! राहिला तो एकटा अल्बर्टा. रेजायनाने २०२४ मध्ये जिंकला तो २००० नंतर प्रथमच. जिथे मोसमाच्या सुरुवातीला विजेता कोण हे छातीठोकपणे सांगता येत नाही, जिथे दर शनिवारी समोरचा संघ तुम्हाला हरवू शकतो, ती कॉन्फरन्स माझ्या लेखी अधिक कसदार.

यावर लगेच दुसरा मुद्दा पुढे येतो : मग हे पश्चिमेचे वाघ अंतिम सामन्यात शेपूट का घालतात? २००३ ते २०२४ मध्ये पश्चिमेचे संघ १३ वेळा अंतिम फेरीत पोहोचले आणि १० वेळा हरले, हे खरं. आता ते दहा पराभव एकेक करून उलगडू या, कारण दावा करणारे इथे कधी थांबतच नाहीत.

२००४ मध्ये सस्कॅचवान लावालकडून ७–१ ने हरला. (तो एक गुण कॅनडाच्या नियमांतला सुटा गुण, ज्याला तिथे रूज म्हणतात.) २००५ मध्ये तोच संघ ऑन्टारियोच्या विल्फ्रिड लॉरिएकडून २४–२३, २००६ मध्ये पुन्हा लावालकडून १३–८. २००९ मध्ये कॅल्गरी मध्यंतराला २५–७ पुढे होता आणि ऑन्टारियोच्याच क्वीन्सने तो सामना ३३–३१ ने ओढून नेला. २०१६ मध्ये कॅल्गरी लावालकडून ३१–२६. २०२१ मध्ये सस्कॅचवान ऑन्टारियोच्या वेस्टर्न विद्यापीठाकडून २७–२१, पुढच्याच वर्षी लावालकडून ३०–२४. २०२३ मध्ये ब्रिटिश कोलंबिया माँट्रियलकडून १६–९. हे झाले आठ, आणि आठही सात किंवा त्याहून कमी गुणांनी. म्हणजे प्रत्येक सामना एका टचडाउनने (सहा गुण) आणि त्यावरच्या जोड गुणाने निदान बरोबरीत आला असता. उरले दोन, २०१० चा २९–२ आणि २०१३ चा २५–१४. हे दोन्ही सामने कॅल्गरी लावालशी खेळला, आणि दोन्ही झाले क्युबेक शहरात, लावालच्या घरच्या मैदानावर.

दहा सामन्यांत आठ वेळा इतक्या काठावर हरणं ही हळहळण्यासारखी गोष्ट आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आणि काठावरचे सामने दुसऱ्या बाजूलाही झुकतात. २०१५ मध्ये ब्रिटिश कोलंबियाने माँट्रियलला २६–२३ ने हरवलं ते शेवटच्या क्षणीच्या फील्ड गोलवर, म्हणजे चेंडू लाथेने गोलखांबांमधून मारून मिळवलेल्या तीन गुणांवर. उपान्त्य फेरीत क्युबेक आणि पश्चिम २०१४ ते २०२४ मध्ये चार वेळा भिडले : माँट्रियल २९–२६ मॅनिटोबा, लावाल ३५–२३ कॅल्गरी, सस्कॅचवान १४–१० माँट्रियल, लावाल १७–१४ रेजायना. चारपैकी तीन निकाल चार किंवा त्याहून कमी गुणांचे. यात ‘पासंगालाही न पुरणं’ कुठे दिसतं ते मला कोणीतरी दाखवावं.

क्युबेकच्या विजयांचंही तेच आहे. २०१४ ची अंतिम लढत माँट्रियल शहरातच झाली. माँट्रियल २०–१९ ने पुढे, शेवटचं मिनिट चालू आणि मॅकमास्टरचा किकर फील्ड गोलसाठी सरसावलेला. चेंडू सुटला आणि बचावफळीतून उठलेल्या एका हातावर आदळला. तो हात वीतभर खाली असता तर ‘२१ पैकी १३’ चे ‘२१ पैकी १२’ झाले असते आणि ऑन्टारियोचे ५ चे ६. एका हाताच्या उंचीने चार कॉन्फरन्सच्या फुटबॉलचा दर्जा बदलतो, असं कोणी म्हणत असेल तर त्याच्याशी वाद कसला घालायचा?

तिसरा मुद्दा ऑन्टारियोचा. ‘अकरा संघ, त्यातले निम्मे कुचकामी.’ तळ कच्चा आहे, हे मी नाकारत नाही. टोरंटो विद्यापीठ २००१ ते २००८ या काळात सलग ४९ सामने हरलं. ती मालिका तुटली वॉटर्लूविरुद्ध, १८–१७ अशा एका गुणाने. पण अकरा संघांच्या कॉन्फरन्समध्ये आठ सामन्यांचा मोसम असतो, म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठसुद्धा पडत नाही. एखाद्या बलाढ्य संघाच्या वाट्याला तळातले तीन संघ आले की गुणफलक फुगतात, आणि तेच फुगलेले आकडे ‘बघा, किती पोकळ’ म्हणून फिरवले जातात. क्युबेकात पाचच संघ एकमेकांशी दोन-दोनदा खेळतात. या दोन तक्त्यांची शेजारी शेजारी तुलना करणंच मुळात चुकीचं.

शिवाय तळ म्हणजे कायमचा तळ नव्हे. २०१० मध्ये वॉटर्लूने उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणानंतर अख्खा मोसम रद्द केला होता. त्याच वॉटर्लूचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, ट्रे फोर्ड २०२१ मध्ये हेक क्रायटन ट्रॉफीचा, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम विद्यापीठ खेळाडूच्या पुरस्काराचा मानकरी ठरला. आणि अंतिम सामन्यांचंच माप लावायचं असेल तर ऑन्टारियो त्या काळात १० वेळा तिथे पोहोचलं आणि ५ जिंकलं, तेही लॉरिए, क्वीन्स, मॅकमास्टर आणि वेस्टर्न अशा चार वेगवेगळ्या संघांनी. २०११ मध्ये व्हँकुव्हरला मॅकमास्टरने लावालला दुहेरी जादा वेळेत ४१–३८ ने हरवलं, तो सामना मिळाला तर पाहा. मध्यंतराला २३–० अशी आघाडी, ती सगळी हातची गेली आणि तरीही जिंकले.

‘क्युबेकात प्रशिक्षणच सरस, म्हणून खेळाडू सरस’ असंही म्हटलं जातं. यात तथ्य आहे, पण अर्धंच. क्युबेकात अकरावीनंतर मुलं सेजेप नावाच्या महाविद्यालयात जातात आणि दोन-तीन वर्षं तिथे फुटबॉल खेळून मगच विद्यापीठात येतात. ऑन्टारियोतला मुलगा बारावी करून थेट विद्यापीठात येतो. एकोणीस-वीस वर्षांचा भरलेला लाइनमन (पुढच्या फळीतला खेळाडू) आणि अठरा वर्षांचा पोरगा यांच्यातला फरक पहिल्याच झटापटीत कळतो. त्यात फ्रेंचमध्ये शिकणारी मुलं बहुतेक प्रांतातच राहतात, आणि त्यांना वाटून घ्यायला फ्रेंच माध्यमाची मोठी विद्यापीठं दोन, थोडं मागे तिसरं शेरब्रुक. लावालच्या मागे शहरातल्या उद्योजकांचा पैसाही सुरुवातीपासून उभा आहे. दुसरीकडे ऑन्टारियोने खेळाडूंच्या शिष्यवृत्तीवर अनेक वर्षं राष्ट्रीय मर्यादेपेक्षा कडक मर्यादा ठेवली होती. ही सगळी कारणं दोन संघ इतके वर का गेले हे नेमकं सांगतात. पाचही संघ वर गेलेत असं त्यातलं एकही कारण सांगत नाही. बिशप्स विद्यापीठ तर क्युबेकातल्याच शेरब्रुक शहरात आहे. या मोठ्यांपुढे आपला निभाव लागत नाही म्हणून ते २०१७ मध्ये क्युबेकची कॉन्फरन्स सोडून अटलांटिकमध्ये गेलं. आणि २०२४ मध्ये तिथलं विजेतं ठरलं.

राहिला अटलांटिक. इथे मी खोटी वकिली करणार नाही. लावाल ६३–० सेंट फ्रान्सिस झेवियर, माँट्रियल ३८–० अकेडिया, वेस्टर्न ६१–६ सेंट फ्रान्सिस झेवियर : २०१८, २०१९ आणि २०२१ चे हे उपान्त्य निकाल बोलके आहेत. ही कॉन्फरन्स सध्या चौथ्या क्रमांकावर आहे. माउंट ॲलिसनसारखं दोन-अडीच हजार विद्यार्थ्यांचं विद्यापीठ चाळीस हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या लावालशी खेळाडूंच्या संख्याबळात स्पर्धा कशी करणार?

पण त्यांची जागाच काढून घ्या म्हणणारे ज्या निकालाचं भांडवल करतात तो २०१७ चा, वेस्टर्न ८१ आणि अकेडिया ३. त्या आठवड्यात काय झालं होतं ते कोणी सांगत नाही. एका खेळाडूच्या पात्रतेवरून वाद पेटला आणि कॉन्फरन्सने आपला अंतिम सामना, लोनी बोल, रद्दच करून टाकला. प्रकरण नोव्हा स्कोशियाच्या न्यायालयात गेलं, न्यायालयाने सामना खेळवायला लावला आणि तो मंगळवारी झाला. अकेडियाने तो जादा वेळेत ४५–३८ ने जिंकला. शनिवारी, चौथ्या दिवशी, तीच दमलेली, ठेचकाळलेली मुलं त्या वर्षीच्या भावी राष्ट्रीय विजेत्यांसमोर उभी होती. त्या गुणफलकावरून अटलांटिकची पत ठरवणाऱ्यांनी २०१४ चा निकालही सांगावा : मॅकमास्टर २४, माउंट ॲलिसन १२. आणि २००७ चाही, जेव्हा हॅलिफॅक्सच्या सेंट मेरीजने उपान्त्य सामन्यात हरवलं ते लावालला. ही जागा तेव्हा अटलांटिकला नसती तर तो सामना झालाच नसता.