सुलोचनेला बोलपटानं संपवलं म्हणे! आधी फोटो तरी नीट लावा

आत्यानं घरच्या ग्रुपवर ढकललेला मजकूर मी सोडून देणार होतो, पण खाली दोन मावश्यांनी हात जोडले आणि राहवेना. म्हणे, ‘मूकपटांची राणी सुलोचना. पगार गव्हर्नरपेक्षा जास्त. जन्मभर देवीच्याच भूमिका. बोलपट आला, हिंदी येईना, एका रात्रीत घरी बसली. सरकारनं दखलही घेतली नाही.’

वर फोटो मात्र नंतरच्या अभिनेत्री सुलोचनादीदींचा, म्हणजे सुलोचना लाटकरांचा! अहो, ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आला तेव्हा लाटकरबाई पुरत्या तीन वर्षांच्याही नव्हत्या. मूकपटातली सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, पुण्यात १९०७ साली जन्मलेली, बगदादी ज्यू घराण्यातली.

देवी कसली! ही टेलिफोन ऑपरेटर होती, दिग्दर्शक मोहन भवनानींनी तिला सिनेमात आणलं. चित्रपट कोणते, तर ‘टेलिफोन गर्ल’, ‘टायपिस्ट गर्ल’. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये (१९२७) तर एकटीनं आठ सोंगं काढली. त्यांत पोलीस होता, हैदराबादी गृहस्थ होता आणि गोरी मडमही.

आता ते ‘एका रात्रीत’. बोलपट आल्यावर ती अडखळली, हे कबूल. हिंदुस्तानी कच्ची होती. पण बाईनं काही काळ थांबून भाषा घोटवली आणि स्वतःचेच गाजलेले मूकपट पुन्हा बोलते केले. ‘माधुरी’ १९३२ला, ‘अनारकली’ १९३५ला, ‘वाइल्डकॅट’चा ‘बंबई की बिल्ली’ १९३६ला. मूकपटातली ‘इंदिरा बी.ए.’ बोलपटात ‘इंदिरा एम.ए.’ झाली (१९३४), म्हणजे संपली म्हणता ती बाई पडद्यावर चक्क पुढची पदवी घेऊन आली! पुढे नायिकेच्या भूमिका आटल्या, पण काम सुटलं नाही. १९५३च्या ‘अनारकली’त बीना राय नायिका आणि सुलोचना सलीमची आई, जोधाबाई. १९७८च्या ‘खट्टा मीठा’तही ती दिसते.

पगार दांडगा होता, यात वाद नाही. गव्हर्नरची तुलना जो तो करतो, दोघांचे आकडे शेजारी ठेवून कुणी दाखवत नाही.

आणि सरकारी दखल? दादासाहेब फाळके पुरस्काराची यादी सरकारचीच आहे, कुणीही उघडून पाहावी. १९७३चं नाव रूबी मायर्स (सुलोचना). तिच्याआधी हा मान मिळालेली बाई एकच, देविका राणी. सुलोचना गेली १९८३ साली. म्हणजे पुरस्कार हयातीतच मिळाला, मरणोत्तर नव्हे.