शंभर अब्ज डॉलरचा चेक कुणी लिहिलेला नाही

सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. सार असं: १ ऑक्टोबर २०२५ पासून भारताचा युरोपशी व्यापार करार लागू झाला, १०० अब्ज डॉलर आणि १० लाख नोकऱ्यांची लेखी हमी मिळाली, स्विस सोनं-चॉकलेट स्वस्त झालं, आपल्या मालावरची तिकडची जकात गेली. खाली कुणीतरी शेपूट जोडलंय, की आता परदेशी दूध येऊन आपला शेतकरी मरणार. तारीख बरोबर आहे. बाकीचं एकेक करून बघू.

आधी 'युरोप'. हा करार युरोपीय संघाशी नाही, एफ्टा या चार देशांच्या व्यापारी गटाशी आहे. म्हणजे स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन. जर्मनी, फ्रान्स यात नाहीत. चौघांची मिळून लोकसंख्या दीड कोटीच्या आसपास; आपल्या मुंबई महानगर प्रदेशात याहून जास्त माणसं राहतात. वाटाघाटी २००८ मध्ये सुरू झाल्या, मध्ये काही वर्षं बंद पडल्या आणि सही झाली १० मार्च २०२४ रोजी दिल्लीत.

आता ती 'लेखी हमी'. लेखी आहे, हमी नाही. लग्नाच्या याद्या करायला बसलेल्या कुणालाही विचारा, 'देऊ' आणि 'द्यायचा मानस आहे' यात किती अंतर असतं! करारातली भाषा 'मानस आहे' या जातीची आहे. पहिल्या दहा वर्षांत ५० अब्ज आणि पुढच्या पाच वर्षांत आणखी ५० अब्ज डॉलरची थेट गुंतवणूक वाढावी, असं एफ्टा देशांनी 'उद्दिष्ट' ठेवलंय. नोकऱ्यांचंही तसंच. शिवाय हा हिशेब भारताचं चालू किमतींतलं सकल देशांतर्गत उत्पादन (जीडीपी) डॉलरमध्ये वर्षाला ९.५ टक्क्यांनी वाढेल, हे धरून मांडलेला आहे. शेअर बाजारात येणारा पैसा यात मोजायचा नाही. आणि मुळात पैसा सरकारांचा नाहीच, तो कंपन्यांचा. बर्नमधला स्विस मंत्री औषध कंपनीला 'जा, भारतात कारखाना काढ' असा हुकूम सोडू शकत नाही.

उद्दिष्ट गाठलं नाही तर? पंधरा वर्षं थांबायचं, मग वेगवेगळ्या पातळ्यांवर बोलणी, मग तीन वर्षांची सवलत. त्यानंतरच भारताला आपण दिलेल्या जकात सवलती तात्पुरत्या आणि प्रमाणात मागे घेता येतील. म्हणजे २०४३ च्या आत काही नाही. तरीही मी याला थाप म्हणणार नाही. गुंतवणुकीचा आकडा लिहून घ्यायचा आणि सवलती परत घेण्याची वाट मोकळी ठेवायची, ही सोय भारताच्या आधीच्या व्यापार करारांत नव्हती. वाटाघाटी करणाऱ्यांनी जमेल तेवढं पदरात पाडून घेतलंय. त्याचा चेक आपण फॉरवर्डमध्ये केला.

सोन्यावरची जकात कमी झाली होती, पण या करारामुळे नाही. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचं शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं, ते सगळ्याच देशांतून येणाऱ्या सोन्यासाठी. एफ्टातून आपण जे आणतो त्यात ८० टक्क्यांहून जास्त सोनंच, आणि नेमकं त्यावरचं प्रत्यक्ष शुल्क करारानं हललं नाही.

चॉकलेटवरची जकात खरंच कमी होतेय, पण टप्प्याटप्प्याने, काही वर्षांत. शिवाय जकात लागते बंदरावर उतरलेल्या किमतीवर; त्यापुढे वितरकाचा, दुकानदाराचा नफा चढतो. समजा शंभर रुपयांना उतरलेलं चॉकलेट दुकानात अडीचशेला मिळतंय, तर पहिल्या वर्षी दोन-चार रुपयांच्या फरकासाठी कुणी नवं लेबल छापेल का? सप्टेंबर २०२५ मध्ये चॉकलेटवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, तो फरक एका झटक्यातला होता. (तोही तुमच्या दुकानदाराने दिला की नाही, ते तुम्ही बघा.)

आपल्या मालावरची जकात गेली, हा मुद्दा मला सगळ्यात गमतीचा वाटतो. या चौघांत आपला मोठा व्यापार स्वित्झर्लंडशी. त्या देशाने १ जानेवारी २०२४ पासूनच औद्योगिक मालावरची जकात शून्य केली, सगळ्या जगासाठी, चीनसकट! म्हणजे पुण्यातल्या सुटे भाग बनवणाऱ्याला तिथे जे मिळतंय, ते सही होण्याआधी दोन महिने मिळालेलं होतं, आणि त्याच्या चिनी स्पर्धकालाही. करारात ते कायमचं बांधून घेतलं, एवढा फायदा जरूर. प्रक्रिया केलेल्या शेतमालावर काही सवलती आहेत, पण स्विस शेतीभोवतीची भिंत उभीच आहे.

राहिलं दूध. दुग्धजन्य पदार्थ, सोया, कोळसा आणि काही संवेदनशील शेतमाल भारताने सवलतींच्या बाहेर ठेवलाय. स्विस चीजवर आजही पूर्वीचीच जकात. दुधाचे दर पडले होते ते २०२३-२४ मध्ये, दूध पावडरचे भाव कोसळले तेव्हा, आणि राज्य सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान द्यावं लागलं. त्या वेळी हा करार लागू व्हायला दीड वर्षाहून जास्त अवकाश होता.