हळदीचं राहू द्या, एखादा दुर्मिळ आजार धरा

सांगलीच्या मार्केट यार्डात अजून हळदीचा व्यापार करताय? सोडा तो नाद. पोतं फोडायचं, हळकुंड कटकन मोडून आतला रंग बघायचा, आणि एवढं करून शेजारचा गाळेवाला दोन रुपये कमी बोलला की गिऱ्हाईक तिकडे. असल्या उघड्या बाजारात कोण मोठं झालंय?

औषधात उतरा. अमेरिकेत १९८३ पासून कायदा आहे. दोन लाखांपेक्षा कमी रुग्ण असलेल्या आजारावर औषध मंजूर करून घ्या. सात वर्षं त्या आजारासाठी तेच औषध दुसऱ्याला विकता येत नाही. युरोपात दहा वर्षं. पेटंट नसलं तरी चालतं.

फक्त नवीन औषध शोधायच्या भानगडीत पडू नका. सवलत त्यासाठीच ठेवली होती म्हणे, पण त्यात पैसा बुडतो. जुनंच उचला. पावसाळ्यात साताऱ्याकडच्या डोंगरांवर कळलावी फुलते, तिच्यात कोल्चिसिन असतं. अमेरिकेत गाऊटवर, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या दुखण्यावर, लोक कित्येक पिढ्या ते घेत होते, गोळी दहा सेंटच्या आसपास. २००९ मध्ये एका कंपनीने त्याची रीतसर मंजुरी घेतली: गाऊटसाठी तीन वर्षं हक्क, एका दुर्मिळ आनुवंशिक तापासाठी सात. गोळी पाच डॉलरच्या घरात गेली. औषध तेच हो!

मुहूर्तही साधावा लागतो. मार्च २०२० मध्ये गिलियड कंपनीच्या रेमडेसिव्हिर औषधाला कोविडसाठी दुर्मिळ आजाराचा दर्जा मिळाला, कारण अमेरिकेत तेव्हा दोन लाख रुग्ण व्हायचे होते. ओरड झाली आणि कंपनीने काही दिवसांत तो सोडला. इतकं हळवं राहून धंदा होत नाही.

सुधारणावाले आडवे येतीलच. युरोपीय आयोगाने २०२३ मध्ये सुचवलं: सरसकट दहाऐवजी नऊ वर्षं, जिथे उपचारच नाही तिथे दहा, जुन्या वापरातल्या औषधाला पाच. जेवढी जोखीम तेवढं बक्षीस, म्हणजे अगदीच भुसारी हिशोब. तेव्हा आजारी पोराच्या आईला पुढे करा आणि म्हणा, ‘वर्षं कमी केलीत तर संशोधन थांबेल.’ खऱ्या संशोधकाच्या बाबतीत ते थोडं खरंही आहे, म्हणूनच तर खपतं.

भारतात मात्र जपून. इथे असा वेगळा हक्क नाही, पेटंटवरच भांडावं लागतं. एसएमए या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारावरच्या रिस्डिप्लाम औषधाचं बघा: २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नॅटको या भारतीय कंपनीला त्याची स्वस्त आवृत्ती विकण्यापासून अडवायला नकार दिला आणि सहा लाखांच्या आसपासची बाटली १५,९०० रुपयांना आली. धंद्याची पार माती!

तरी धीर सोडू नका. दुर्मिळ आजारांच्या सरकारी धोरणात एका रुग्णामागे ५० लाखांपर्यंत मदत मिळते. किंमत त्याच्या बरीच वर ठेवा. उरलेल्या रकमेसाठी गणेश मंडळं डबा फिरवतातच.