खुलासा: मोफत वकील फक्त गरिबांनाच मिळतो, हे खरं नाही

डिचोलीतल्या आमच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘कोर्टात मोफत वकील फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांनाच.’ हे चूक आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ पाहा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतले, यांना उत्पन्नाची अटच नाही. पोटगी मागणारी बाई नोकरदार असली तरी तिला वकील मिळतो. कोर्ट फीसुद्धा भरावी लागत नाही. प्रकरणात सकृद्दर्शनी तथ्य हवं, एवढंच. बाकीच्यांना मात्र उत्पन्नमर्यादा आहे. खरं तर हे प्रत्येक पंचायतीच्या फलकावर मराठी-कोंकणीत लागायला हवं. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. वाचून एखादी बाई हक्कच सोडून देईल. चौकशीसाठी हेल्पलाइन १५१००.