मोयामोयाच्या पोराला फुगे फुगवायला लावू नका

आईने पारोळ्याहून ताईला फॉरवर्ड पाठवला, "मेंदूच्या नसा घरीच मोकळ्या करा, ऑपरेशन टाळा". आज सकाळी जळगावला ताईकडे गेलो तर नऊ वर्षांची भाची फुगे फुगवत बसलेली. तिला मोयामोया आहे, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी धमनी हळूहळू बंद होत जाण्याचा आजार. डोकंच फिरलं माझं.

त्यात लिहिलंय रोज फुगे फुगवा, भस्त्रिका करा, नसा उघडतात. अहो उलटं होतं! जोरजोरात श्वास घेतला-सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, आपल्याला ते चालून जातं पण या पोरांच्या मेंदूला रक्त आधीच कमी पोचतं. आमच्याकडे आजार कळला तोच असा. शेवभाजी गरम होती, पोरगी फुंकर मारत होती, हातातला घास ताटात पडला. "मामा, मना हात उठी नई ऱ्हायना". पाच मिनिटांत हात नीट, म्हणून आम्ही मुंग्या समजून सोडून दिलं, तिसऱ्यांदा झालं तेव्हा एमआरआय केला. अशा पेशंटला ईईजीच्या (डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघतात त्या तपासणीच्या) वेळीसुद्धा जोरात श्वास घ्यायला लावत नाहीत, आणि इथे घरी बसवून फुगे!

पुढे त्याच मेसेजमध्ये, "हा जपानचा आजार, इथे डॉक्टर उगाच घाबरवतात". जपान-कोरियात जास्त दिसतो हे मान्य, 1957 ला पहिली नोंद तिथलीच, नावही जपानी. मेंदूकडे जाणारी मोठी धमनी वर टोकाशी बंद होत जाते, मग आजूबाजूला बारीक नसांचं जाळं तयार होतं, ते अँजिओग्राफीत धुरासारखं दिसतं म्हणून मोयामोया. पण पेशंट आपल्याकडेही आहेत, एक माझ्या घरातच आहे. त्या नाजूक नसा फुटल्या की मेंदूत रक्तस्राव, मोठ्या माणसांत हे जास्त.

मेसेजचं पुढचं वाक्य, "ऑपरेशन म्हणजे पैसे काढणं". खर्च होतो, धोकाही असतो, नाही म्हणत नाही. पण रक्तस्राव होऊन गेलेल्या 80 मोठ्या पेशंटवरचा जपानी अभ्यास 2014 ला छापून आलाय. ऑपरेशन म्हणजे बायपास, दुसरी रक्तवाहिनी जोडून मेंदूला रक्ताची वाट करून देणं. तो केलेल्या 42 पैकी 5 जणांना पुन्हा रक्तस्राव झाला, न केलेल्या 38 पैकी 12 जणांना. लहान मुलांचा प्रश्न वेगळा, तिथे बायपास मेंदूला रक्त पोचवायला करतात.

शेवटी लसूण-मध खा आणि झटका आला तर बोटांना सुई टोचा असंही लिहिलंय. लसूण-मधाने बंद धमनी उघडत नाही. आणि पक्षाघाताचा झटका आल्यावर दहा बोटांना सुई टोचायची नाही, 108 लावायचा, तेवढा वेळसुद्धा महाग असतो.

फुग्यांचं पाकीट मी उचलून आणलं. आईने मेसेज डिलीट केला, पण त्याआधी भजनी मंडळाच्या ग्रुपवरही टाकून झालाय. तिथलं कुणी हे वाचत असेल तर आजच सांगा सगळ्यांना.