आमराईबाहेरचा चहा आणि स्टोव्हची पिन

रविवारी सांगलीच्या आमराईतल्या फेऱ्या संपवून आम्ही चहाच्या गाड्यापाशी टेकलो तेव्हा बापूचा चेहरा उतरलेला होता. शनिवारपासून दुसरा विषयच नाही. गावातली एक पतसंस्था बंद पडली, तिच्या बंद शटरचा फोटो सगळ्यांच्याच मोबाइलवर फिरतोय.

"तुझं किती अडकलं रे?" अक्कानं थेट विचारलं.

"माझं काय अडकतंय अक्का, मी यष्टीचा कंडक्टर. मेव्हण्याचं हाईत, चार लाख. पोरीच्या लग्नाचं."

"घाबरू नका बापू," एक्सेल म्हणाला. "पाच लाखांपर्यंत विमा असतो. मी वाचलंय."

एक्सेल म्हणजे कोण ते कट्ट्यावर सांगायला लागत नाही. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाल्यापासून या माणसानं एक्सेलच्या शीटमध्ये घरातल्या कोथिंबिरीच्या जुडीचीही नोंद ठेवलीय. चौदा रकाने आहेत म्हणतो.

"सगळं वाचलं असतं तर बरं झालं असतं," अक्का म्हणाली. "तो विमा बँकेतल्या ठेवींना. सहकारी बँकेलाही आहे. २०२० च्या फेब्रुवारीत एक लाखाचे पाच लाख केले, ते बँकांसाठी. पतसंस्थेला तो लागू नाही."

"मग मेव्हण्याला कुणी सांगितलं न्हाई का?"

"दोन टक्के जादा व्याज कुणी सांगितलं? ते बरं ऐकू आलं."

बापू गप्प बसला. अक्का सिव्हिलमध्ये तीस वर्षं नर्स होती. तिचं बोलणं इंजेक्शनसारखं असतं, पण मला ते आवडतं. गोड बोलून पैसे बुडवणारे काय कमी बघितलेत का आपण?

एक्सेलला मात्र असल्या चुकीचं काही वाटत नाही. त्यानं लगेच मोबाइल काढला. "मूळ मुद्दा शिस्तीचा आहे. ५०-३०-२०. पगाराचे पन्नास टक्के गरजा, तीस टक्के हौस, वीस टक्के बचत. मी हे चार वर्षं पाळतोय."

"तुम्ही दोघं. मुलगा पुण्यात, स्वतःचं कमावतो," अक्का म्हणाली. "माझ्या घरी सात माणसं. मुलगा मिरजेला, सून इस्लामपूरला, दोघंही सकाळी साडेसातला घराबाहेर. दोन नातवंडं, यांचा मधुमेह, वर यांच्या आई. मला तीस टक्के हौस दाखवा, मी करते."

"टक्के कमीजास्त करता येतात..."

"मग नियम कसला तो?"

बापूला जरा हुरूप आला. "साहेब, ते तुमच्या मोबाइलमधनं दर म्हैन्याला आपोआप पैसे जातेत ते सांगा की अक्काला. मागं बोलला होता."

झालं असं होतं, की या चौदा रकान्यांच्या माणसाच्या खात्यातून अकरा महिने एका पिक्चरच्या अ‍ॅपचे पैसे जात होते. नातू सुट्टीत आला तेव्हा त्यानं घेऊन दिलं. नातू गेला, अ‍ॅप राहिलं. पहिल्यांदा एकदा पिन टाकून परवानगी दिली, की पुढं पंधरा हजारांपर्यंतचा हप्ता पिन न विचारता जातो. एक्सेलनं ती रक्कम दर महिन्याला इमानेइतबारे 'करमणूक' या रकान्यात लिहिली होती!

"नोंद होती ना पण," एक्सेल म्हणाला.

"नोंद केली म्हणजे राखण केली असं होत नाही साहेब. चोरीची नोंद पोलीसही करतात," अक्का म्हणाली, आणि गाड्यावरचा पोरगासुद्धा हसला.

मला यात बोलायचं होतं, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. आमच्या घरी दोघंही नोकरीला. पैसा उधळपट्टीत जातो हे मला पटत नाही. आमच्यासारख्या घरात उधळायला वेळ तरी कुणाला आहे? पैसा जातो तो घाईत. गेल्या महिन्यात मी स्वयंपाकघरातलं कपाट रिकामं केलं. हिंगाच्या तीन डब्या निघाल्या, तिन्ही फोडलेल्या. खायच्या सोड्याची दोन पाकिटं, मोहरी तीन ठिकाणी. दुकानात उभं असताना घरात काय आहे ते आठवत नाही, म्हणून घ्यायचं. विजेचं बिल सात दिवसांत भरलं तर एक टक्का सूट मिळते, ती आम्ही वर्षभर घेतलीच नव्हती. एक टक्का म्हणजे काय मोठं नाही, पण उशिराचा आकार वर पडतो तो वेगळाच.

"विजेचं सोपं आहे मॅडम," एक्सेल मध्ये पडला. "शंभर युनिटच्या आत राहा. एकशे एक झालं की सगळं बिल वरच्या दरानं."

"सगळं नाही हो," मी म्हटलं. "पहिले शंभर पहिल्याच दरानं लागतात. वरच्या युनिटांना वरचा दर. बिलाच्या मागच्या बाजूला तक्ता असतो."

"बाई, तुम्ही साहेबांस्नी आज झोपू देणार न्हाई," बापू म्हणाला.

चहाची दुसरी फेरी आली. बापूनं आपली भिशी काढली. दहा जण, दोन हजार, दहा महिने. "बँकेचा हप्ता चुकला तर मेसेज येतो. भिशीचा चुकला तर भिशीवाला दारात येतो, शेजारी बघतेत. त्या लाजंनं पैसं साठतेत, अक्का. मी गाडी घेतली ती भिशीवरच."

"आणि गाडी घेतल्यावर पुढचे तीन हप्ते कुणी थकवले?" एक्सेलनं बरोबर पकडलं. ही जखम २०११ ची आहे. त्या भिशीत शेवटचा नंबर एक्सेलचा होता आणि त्याचे पैसे दोन महिने उशिरा आले. हे तो अजून विसरलेला नाही. तारीखही सांगतो.

"त्या टायमाला पगार थकलाता."

"भिशी वाईट नाही," अक्कानं दोघांच्या मध्ये हात घातला. "पण बुडाली तर सोसेल तेवढीच घालावी. कागद नाही, पावती नाही. कोर्टात काय दाखवणार, चहाचा कप?"

मग अक्कानं तिचा हिशेब सांगितला. तिनं चहावाल्याच्या पोराकडून पेन घेऊन बिस्किटपुड्याच्या कागदावर तो मांडला. जूनची शाळा अठरा हजार. दिवाळी बारा. वर्षाचा गहू, तिखट, हळद, डाळी पंधरा. गाड्यांचा विमा पाच. घरपट्टी-पाणीपट्टी चार. दवाखाना सहा. बेरीज साठ हजार.

"यातलं एक तरी अचानक येतं का? जून दरवर्षी जूनमध्येच येतो. तरी आपण दरवर्षी जूनमध्ये उसनवारी करतो. साठाला बारानं भागा. पाच हजार. पगाराच्या दुसऱ्या दिवशी हे पाच हजार बँकेच्या दोन आरडीत, म्हणजे दर महिन्याला भरायच्या ठेवीत जातात. एक मेमध्ये सुटते, दुसरी ऑक्टोबरात. शाळा एकीवर, दिवाळी दुसरीवर."

"आणि मधनंच काय लागलं तर?" बापूनं विचारलं.

"मोडायची नाही. मोडायला बँकेत जावं लागतं, रांगेत उभं राहावं लागतं, तोवर अर्ध्या गरजा मरतात."

मग तिनं जे सांगितलं ते मला सगळ्यात जवळचं वाटलं. तिचं माहेर सांगलीजवळच्या हरिपूरचं. हळदीची पेवं तिनं लहानपणी बघितलेली. जमिनीत खोल, पोटात रुंद, तोंड अरुंद. आत हळद भरली की तोंड लिंपून बंद करायचं. हवा नाही, म्हणून कीड नाही. उघडल्यावरही लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा जाऊ द्यायची. "अप्पा म्हणायचे, पेवाचं तोंड मोठं केलं असतं तर काढायला सोपं गेलं असतं, पण मग हळद राहिलीच नसती. तुमच्या मोबाइलमधल्या पैशाचं तोंड चोवीस तास उघडं आहे, साहेब."

२००५ च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरलं आणि ती गेली. हे सांगताना अक्काचा आवाज जरा खाली आला. कुणी काही बोललं नाही.

पुराचं नाव निघालं तसं मी आमचं सांगितलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही गावभागात तळमजल्यावर राहत होतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं. आम्ही पोरांना घेऊन अंगावरच्या कपड्यांनिशी निघालो. कागदपत्रं लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, कारण 'तिथं सुरक्षित.' परत आलो तेव्हा खणात चिखल बसला होता. विम्याच्या पॉलिसीची पानं ओल्या पापडांसारखी एकमेकींना चिकटलेली. मी ती टाचणीनं एकेक सोडवली, दोरीवर कपड्यांचे चिमटे लावून वाळत घातली. ठेव पावतीवरची सही पसरून निळा डाग झाली होती. त्या पावतीची दुसरी प्रत काढायला ह्यांच्या चार रजा गेल्या. तेव्हा शंभराचा स्टँप तरी चालायचा, आता तिथं पाचशेचा लागतो.

तेव्हापासून आमच्या दाराच्या वरच्या खुंटीला पोराचं जुनं दप्तर असतं. आत झिपच्या प्लास्टिक पिशवीत सगळे मूळ कागद, आणि वर एक पान: कुठली ठेव कुठं, कधी सुटते, वारसदार कोण. धाकट्या मुलीलाही माहीत आहे. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं तेव्हा तीच दप्तर पाठीला लावून सगळ्यांच्या आधी बाहेर उभी होती. आठ वर्षांची होती.

"हेच," अक्का म्हणाली. "ओव्हर."

बापूला कळेना. अक्कानं सांगितलं: वॉर्डात ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला ओव्हर द्यायचा असतो. कुठल्या खाटेला काय दिलं, काय द्यायचंय, सगळं रजिस्टरात लिहून. तोंडी सांगितलेलं धरायचं नाही. तिच्या फ्रिजशेजारी खिळ्याला एक वही टांगलीय, पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली. डबा तळाला आला की ज्याच्या हातात तो डबा, त्यानं लिहायचं. संपल्यावर लिहायचं नाही, संपत आल्यावर. मागच्या पानांवर तारखा: गॅस कधी लावला, औषध कधी संपणार, फी कधी.

"सासूबाईंच्या डोक्यात सगळं असायचं. माझ्याही होतं. मला डेंग्यू झाला तेव्हा आठ दिवसांत घराचं दिवाळं निघालं. रोज बाहेरचं जेवण, दोन बिलांना दंड, यांच्या गोळ्या दोनदा आणलेल्या. तेव्हा सुनेला म्हटलं, आता हे तुझ्या डोक्यात भरणार नाही मी. वहीत भरते. मुलगाही वाचेल."

"वाचतो का?" मी विचारलं.

"पहिले दोन महिने नाही. मग मी एकदा चहापत्ती संपतेय असं लिहिलं आणि आणली नाही. तिसऱ्या दिवशी वाचायला लागला."

मला हे फार मोलाचं वाटतं. काटकसर म्हटलं की आपण बाईच्या पदराला गाठ मारून मोकळे होतो. ती सगळं ध्यानात ठेवते, त्याचा पगार कुठल्याच रकान्यात येत नाही. हे मी एक्सेलला बोलूनही दाखवलं. तुमच्या चौदा रकान्यांत वहिनींचं काम कुठं आहे?

तो जरा विचारात पडला. "ती शीट उघडत नाही. तिला पासवर्ड..." आणि थांबला.

"वहिनीला पासवर्ड दिला न्हाई?" बापू उठूनच उभा राहिला. "आरं मर्दा, उद्या तुला काय झालं तर वहिनीनं तुझ्या वर्षश्राद्धाला पासवर्ड इचारायचा का?"

"बापू, जीभ आवर," अक्का ओरडली, पण ती पण हसत होती.

"आज देतो," एक्सेल म्हणाला. आणि खरंच त्यानं तिथल्या तिथं घरी फोन लावला. पलीकडून वहिनींचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला: "पासवर्ड मला माहिताय. तुमची जन्मतारीख. येताना लिंबं आणा."

पाचेक मिनिटं कुणाला बोलता येईना.

"लिंबं लिवा साहेब, कुठल्या रकान्यात टाकणार?" बापू डोळे पुसत म्हणाला. "आणि त्यातच लिवा, २००५ च्या पुरात बापूचा स्टोव्ह नेला, म्हैन्यानं परत केला, पिन दिली न्हाई."

"दिली होती."

"न्हाई दिली."

"बापू, वीस वर्षं झाली! तेव्हा मी नोंदी ठेवत नव्हतो."

"म्हणून तर लिवा म्हणतोय."

"स्टोव्ह कुठं आहे तुझा आता?" अक्कानं विचारलं.

"माळ्यावर."

"गॅस दोन आहेत ना घरी? मग पिन कशाला पाहिजे?"

"पाहिजे कशाला? पिन माझी हाय, अक्का!"

एक्सेल लिंबं आणायला मंडईकडे वळला. बापू त्याच्या मागं निघाला, स्टोव्हच्या पिना अजून कुठल्या दुकानात मिळतात ते त्याला सांगत.